दिल्लीसाठी लागणारा दाखला

अठ्ठ्याहत्तर साली मी बी.एस्सी. झाले. पुढं नाशिकला शिकायचं तर राज्याची शिष्यवृत्ती होती. तिला 'बौद्ध' लिहिलेलं चालायचं. दिल्लीला केंद्राची होती. तिला 'हिंदू महार' असाच दाखला लागायचा. मी ठरवलं, दोन्हीकडं अर्ज करायचे.

"छप्पन साली सोडलं ते परत लावून घेऊ?" माझे वडील, अण्णा, तडकले.

"अण्णा, अहो नुसतं कागदावर! नाहीतर दिल्लीचा खर्च कोण देणार?" मीही आवाज चढवला.

महिनाभर डोकं खाल्ल्यावर ते दाखल्यासाठी निफाडजवळच्या आमच्या गावी यायला तयार झाले. पण पोलीस पाटलांच्या अंगणात काही पाऊल टाकेनात. आता इथंही ताठा! मी वैतागून एकटीच आत गेले.

पाटील अगदी प्रेमानं बोलले. "जयरामची पोर ना तू? लय शिक. आन् धरम बदलला म्हनून काय झालं? तुमी आमच्यातलेच, हिंदूच की!" त्यांनी लगेच सही ठोकली.

मी दोन्ही हात पुढं केले. बोटाला बोट लागू नये म्हणून पाटलांनी दाखला वरूनच माझ्या ओंजळीत सोडला.