जुन्या साधकाची सही

"घे, आधी तू पी," म्हणत गौराबाईंनी चहाचा पहिला कप सुनेपुढे ठेवला, आणि शांभवीला पुन्हा एकदा वाटलं, आपण भलत्याच घरात तर उठलो नाही ना.

सासूबाई मौन शिबिराहून आल्याला आज पाच दिवस झाले, आणि पाचही दिवस हे असंच चाललं होतं. गेली सहा वर्षं जिचा दिवस 'तुझ्या माहेरी हेच शिकवलं का' असं विचारल्याशिवाय उजाडत नव्हता, ती बाई आता "दमलीस काय गं?" म्हणून विचारत होती. भाकरी जाड झाली तर जाडच खात होती. काल तर शेजारच्या बनाबाईंसमोर तिनं सुनेच्या कटाच्या आमटीचं कौतुक केलं. बनाबाईंच्या हातातली वाटी पडता पडता राहिली.

शिबिर झालं ते शांभवीच्याच हट्टापायी. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात तिचा जीव घुसमटला होता. तिनं नवऱ्याला स्वच्छ सांगितलं होतं, "कळंब्याला दोन खोल्या बघून ठेवल्यात. एक तर आत्तींच्या जिभेला औषध बघ, न्हाईतर आपण वेगळं ऱ्हाऊ." राजशेखर तसा आईपुढे मांजर. पण बायकोची भरलेली बॅग बघून तो हलला आणि पन्हाळा रस्त्यावरच्या कुठल्याशा शिबिराचा कागद घेऊन आला. आठ दिवस मौन, साधं जेवण, मन निर्मळ. "मला काय याड लागलंय?" म्हणत गौराबाईंनी आधी घर डोक्यावर घेतलं, मग लेकाच्या डोळ्यांत पाणी बघून मुकाट गेल्या. शांभवीला काडीची आशा नव्हती. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं ती माहेरी फोनवर बोललीसुद्धा होती.

आणि आता तीच गल्लीभर शिबिराचा डंका पिटत होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सासू समोर होती. गल्लीतल्या चार सुनांनी आपापल्या सासवांची नावं घातली, एकीनं नवऱ्याचं. खरं सांगायचं तर शांभवीची जीभही काही कमी तिखट नव्हती, आणि ते तिलाही माहीत होतं. म्हणून तिनं स्वतःसाठी फॉर्म आणला. भरला. खाली एक रकाना होता: ओळख देणाऱ्या जुन्या साधकाची सही.

"आत्ती, हितं सही करा की."

गौराबाईंनी कागद लांब धरून वाचला. त्यांचा चेहरा उतरला. "मी न्हाई करायची."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

आवाजाला तीच जुनी धार. एवढीशी सही, ती जड झाली! संपली पाच दिवसांची साखर. कळंब्याच्या घरमालकाला आज काय ते कळवायचं होतं, नाहीतर खोल्या दुसऱ्याला जाणार होत्या. शांभवीनं मोबाईल उचलला आणि त्याचा नंबर शोधायला लागली. तिला रागापेक्षा वाईटच जास्त वाटत होतं, कारण ही पाच दिवसांची सासू तिला आवडायला लागली होती.

"थांब," गौराबाई म्हणाल्या. "खोटी सही कशी करू? मी गेलेच न्हाई."

"कुठं?"

"शिबिराला. शेखर फाटकात सोडून वळला आणि मी वडापच्या जीपमध्ये बसून स्टँडवर आले. आठ दिवस तोंड बंद म्हटल्यावर मला तिथंच धाप लागली. इचलकरंजीला आक्काकडं जाऊन ऱ्हायले."

आक्का म्हणजे गौराबाईंची थोरली बहीण. शांभवीनं तिला लग्नाच्या मांडवाबाहेर कधी फारसं बघितलं नव्हतं. नंबर सापडला होता, पण बोट तसंच राहिलं. "मग हे सगळं... हा चहा?"

गौराबाई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला. "आक्काची सून हाय न्हवं, मोना. तुझ्याच वयाची. पोरगी दिवसभर राबती आणि उभ्यानं जेवती. भाकरी जाड झाली म्हणून आक्कानं ताट सरकवलं. माझ्यादेखत तिच्या आईबापाचा उद्धार केला. मी ऐकत बसले. शब्दन् शब्द माझा गं! मी तुला बोलते त्योच. मग ती मोरीत भांडी घासत गुपचूप रडत हुती. मला वाटलं, तूच रडतीयास. लई लाज वाटली मला, शांभवी."

तेवढ्यात शांभवीच्या हातातला फोन वाजला. घरमालकच होता. "खोल्यांचं काय करताय, वहिनी?"

"नकोत आम्हाला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं सहा वर्षांत पहिल्यांदा सासूच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी पोटभर रडल्या. आणि गल्लीतल्या चार सासवा सोमवारी गाठोडी बांधून शिबिराला निघणार आहेत, हे आठवल्यावर पोट धरून हसल्याही.

"पण मला खरंच जायचं हाय की, आत्ती," शांभवी डोळे पुसत म्हणाली. "माझी तरी जीभ कुठं सरळ हाय? आता सही कुणाची घेऊ?"

गौराबाईंनी नाक पुसलं.

"आक्काची घे. तिची एकोणीस शिबिरं झाल्यात."