झिजलेलं अक्षर

येवल्याजवळच्या टेकडीत गाळाखाली बुजलेलं बौद्ध लेणं सापडलं आणि शिरीष उत्खननाच्या तुकडीबरोबर तिकडेच मुक्कामाला गेला. इकडे नाशिकच्या घरात वृंदा धुमसत होती. त्याचा फोन येऊन गेला, की स्वयंपाकघरात भांडी आदळायची. तुकडीत संपदा नावाची नवी मुलगी आहे, हे सासूबाईंच्या कानावर होतं.

"उगाच संशय घेऊ नकोस गं," त्या समजावत. "माझा शिरीष तसा नाही."

वृंदा रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन उठून जाई.

एका संध्याकाळी शिरीषनं एसटीडी बूथवरून फोन केला. "अगं, भिंतीवर ब्राह्मी लेख निघालाय! दान देणाऱ्याचं नाव आहे, पण मधलं अक्षर झिजलंय. खाली नुसता गोल दिसतो. 'व' धरला तर 'सावाय' होतं, आणि अर्थच लागत नाही."

'म' असणार; ब्राह्मीत त्यालाही खाली गोलच असतो. सामाय. सामा नावाच्या बाईचं दान. वृंदाला ऐकताक्षणीच कळलं. लिपी दोघं एकाच वर्गात शिकले होते आणि अडलं की तो तेव्हाही तिलाच विचारायचा.

"काय असेल गं?"

"फोनवर नाही सांगता येणार," ती म्हणाली. "दगडाला हात लावून बघावं लागेल."

सकाळी तिनं लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"त्या संपदाला जाब विचारायला निघालीस?" सासूबाई घाबरल्या.

"छे हो, माई. त्या पोरीनं माझं काय घेतलंय? मी जळते ती तुमच्या मुलावर," म्हणत वृंदा येवल्याची एसटी गाठायला निघाली.