बेंबीवरचं शेण
वैशाखरे गावाजवळच्या वाडीवर गुणाला मुलगी झाली. नाळ कापून होताच सासू भीमी पानावर ओलं शेण घेऊन आली, बाळाच्या बेंबीवर थापायला. लहानपणापासून गुणा शेणानंच घर सारवत आली होती, पण आज तो वास येताच तिनं बाळापुढं हात आडवा धरला. मुरबाडला तपासणीसाठी गेली तेव्हा नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, की शेणात डोळ्यांना न दिसणारे जंतू निपचित पडून असतात; जखमेत दडपले गेले, हवा लागेनाशी झाली, की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. गुणाचा पहिला मुलगा जन्मल्यावर आठवड्याभरात असाच गेला होता: जबडा मिटलेला, दूध ओठांवरून ओघळतंय, अंग लाकडासारखं ताठ. "आये, लावू नको. त्यात जंतू असतात," ती म्हणाली. "आपला पोरगा त्यानंच गेला." "काय बोलतेस गो? त्याला बाहेरची बाधा झाली व्हती. मी तर त्याला रोज ताजं शेण लावत व्हते..." भीमी बोलता बोलता थांबली. हातातल्या पानाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "म्हंजे मीच?" भीमीनं पान कुंपणाबाहेर भिरकावलं आणि तिथंच वाकून ओकली. मग राख घेऊन हात घासले, हुंगले, पुन्हा घासले, कातडी सोलवटेपर्यंत. संध्याकाळी पोरगी रडायला लागली तरी भीमी दारातच उभी राहिली. "या हातांनी नाय घेणार गो." गुणानं आग्रह केला नाही. तिलाही ते हात बघवत नव्हते.