डबीरसाहेबांची जागा

स्वानंदच्या मोठ्या बहिणीचं, पूर्णिमाचं, लग्न झालं ते २००३ साल. प्रवासी वाहतुकीचा डिप्लोमा घेऊन स्वानंद रायपूरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांचे उंबरठे झिजवत होता. नव्या राजधानीत बसगाड्या उदंड झाल्या होत्या, मॅनेजरची जागा मात्र कुठेच रिकामी नव्हती.

पहिला मालक म्हणाला, "मॅनेजर है ना भैया, डबीर साहब." दुसऱ्याकडेही डबीरच निघाले. पाचव्याने तर त्याच दिवशीचा परवान्याचा कागद दाखवला, खाली मॅनेजर म्हणून डबीरांची टपोरी सही. "ऐसा आदमी कहाँ मिलेगा? न छुट्टी मांगता है, न तनखा बढ़वाता है."

एकट्या माणसाने पाच जागा अडवाव्यात म्हणजे हद्द झाली. स्वानंद तणतणत, पत्ता विचारत, बूढापारा मोहल्ल्यात डबीरांच्या घरी गेला. दार डबीरांच्या पत्नीने, विमलाकाकूंनी, उघडलं.

"काकू, काकांना म्हणा, पाचातली एक नोकरी मले सोडा."

काकू त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "कायची नोकरी रे पोट्ट्या? दोन वर्षं हिंडले ते या मालकाईच्या दारात. म्हातारा झाला म्हणून कोणी उभं नाही केलं. अर्ज तेवढे सहीसकट ठेवून घेतले."

पाचव्या मालकाच्या कागदावरची ती टपोरी सही स्वानंदला आठवली.

"तू बी आला काय देऊन, सही करून?" काकूंनी विचारलं.

"हव. पाचही जागी."

यज्ञेश्वर डबीर २००० सालच्या लक्ष्मीपूजनाला वारले होते, छत्तीसगड राज्य व्हायच्या सहा दिवस आधी.