पोळ्याला धुतलेली बदकं

पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेनऊला अर्जुनरावांचं एक बदक शेततळ्यात बुडालं. दुसरं बुडायच्या बेतात होतं.

अर्जुनराव कपड्यांसकट उतरले. तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरत कमरेइतक्या पाण्यात गेले आणि दोन्ही काखांत एकेक बदक धरून वर आले. बदकं जिवंत होती. न पिळलेल्या धुण्यासारखी लोंबत होती.

शेजारचा अंगद बैल धुऊन बांधावरून चालला होता. तो थांबला.

"काका, बदकांना पोहायला शिकवायलाव का?"

"व्हय," अर्जुनराव म्हणाले. "मास्तरच कच्चा निघाला."

चकलांब्यात जनावरातलं कळणारा माणूस म्हणून अर्जुनरावांचं नाव होतं. गाय अडली, बैल लंगडला, की त्यांना बोलावणं यायचं. हे नाव पसरवण्यात त्यांचा स्वतःचाही बराच हात होता. गेल्या वर्षी दारात ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी विकली गेली. गोठा रिकामा राहिला. अर्जुनराव तो तरीही रोज झाडत.

सून रोहिणीनं तो गोठा या दोन बदकांसाठी मागितला होता. बदकांचं खुराडं हौदाला लागून होतं. तिथली ओल जात नव्हती, आणि ओलीत बसून पिसं खराब होतात, असं तिचं म्हणणं होतं. तिला आणखी बदकंही आणायची होती. अर्जुनरावांनी एका वाक्यात विषय मिटवला. "बैलाच्या दावणीला बदक यायचं न्हाई." रोहिणीनं पुन्हा विचारलं नाही.

भावजय बाळंत झाली म्हणून ती माहेरी अंबाजोगाईला गेली. जाताना सासऱ्यांना समजावून गेली. खुराड्यातला ओला भुसा रोज काढायचा. कोरडा पसरायचा. पाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं. चोच आणि अंग धुवायला घमेलंभर स्वच्छ पाणी द्यायचं.

"बाकीचं ती आपलं आपण करत्यात, मामा."

अर्जुनरावांनी सगळं नेमानं केलं. पोळ्याच्या सकाळी बाकीचंही केलं. सगळं गाव ओढ्यावर बैल धूत होतं. त्यांच्या हातांना काम नव्हतं. त्यांनी बायकोची, तुळजाबाईंची, कपडे धुवायची पावडर घेतली, बदकं एकेक करून मांडीत दाबली आणि बैल घासावा तशी नारळाच्या काथ्यानं घासली. बदकं पांढरीशुभ्र निघाली. म्हणून त्यांना मिरवायला तळ्यात सोडलं.

"इतके पोळे बैल धुतले," ओसरीवर निथळत अर्जुनराव म्हणाले, "एक बैल बुडाला न्हाई."

"बैलाचं कावून सांगताव?" तुळजाबाई म्हणाल्या. "बैल तुमाला लाथ मारत व्हता. ही बिचारी गरीब निघाली."

बदकं थरथरत होती. खुराडं ओलं होतं. ओसरीवर वारा होता. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं आणि तुळजाबाई दारात उभ्या होत्या. अर्जुनरावांनी बदकं उचलली आणि गोठ्यात नेली. दावणीत कोरडा भुसा पसरला. वर बल्ब टांगला. खुंटीवरची बैलाची झूल काढून दोघांना पांघरली. झुलीतून दोन चोची तेवढ्या दिसत होत्या.

दुपारी रोहिणीचा फोन आला. अर्जुनरावांनी बाळाची चौकशी केली. बाळंतिणीची केली. अंबाजोगाईच्या पावसाची केली. मग सांगितलं.

"कपड्याची पावडर?" रोहिणी म्हणाली.

"व्हय."

"दोघांना पण?"

"एकाला धुवावं अन् एकाला न्हाई, असला दुजाभाव मी करत न्हाई."

"जित्ती हायेत ना?"

"हायेत. माझ्याकडं बघत न्हाईत."

"ठेवलीत कुठं?"

"गोठ्यात."



"मग तिथंच राहू द्या, मामा," रोहिणी म्हणाली. "नवी पिसं येईस्तोवर आता हलवायची न्हाईत. ओल तर बिलकुल लागू द्यायची न्हाई."

"नवी पिसं कधी येत्यात?"

"पुढल्या पोळ्यापर्यंत धरून चाला."

तुळजाबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अर्जुनराव बराच वेळ दावणीपाशी बसले. मग त्यांनी गेवराईला शिवशंकरना फोन लावला. हे त्यांचे जुने मित्र, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. डॉक्टर आधी पोटभर हसले.

"अर्जुन, पिसं कुठं गेलीत? पिसांवरचं तेल गेलंय. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते. तिथलं तेल चोचीनं घेऊन ती अंगभर लावतात. रोज स्वच्छ पाणी दे, कोरडी जागा दे. आठ-पंधरा दिवसांत पोहायला लागतील."

"पंधरा दिवसांत? वरीस न्हाई लागत?"

"वर्ष कशाला लागेल? तुझ्या सुनेला विचार की. खराब झालेली पिसं किती दिवसांत सुधारतात, हे उन्हाळ्यात फोन करून तिनं मला विचारलं होतं. तेव्हाच सगळं नीट सांगितलंय."

अर्जुनरावांनी फोन ठेवला. बाहेर हलग्या वाजायला लागल्या होत्या. बैल वेशीकडं निघाले होते. अर्जुनराव बघायला गेले नाहीत. एक बदक झुलीबाहेर आलं होतं आणि मान मागं वळवून शेपटीपाशी चोच घुसळत होतं. ज्याला तळातून काढलं होतं, ते अजून डोळे मिटून बसलं होतं.

तुळजाबाई नैवेद्याचं ताट घेऊन दारात आल्या.

"काय म्हणले डाक्टर?"

अर्जुनराव भुसा सारखा करत होते.

"सून म्हणती तेच," ते म्हणाले. "वरीसभर हलवायची न्हाईत."

रोहिणी उद्याच्या गाडीनं यायची आहे. डॉक्टरांना फोन झाला होता, हे तिला अजून कुणी कळवलेलं नाही.