फक्त इंग्लिश

आखातातल्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात तक्रारी टाइप करायला सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर होता. “कोणी गेम टाकतो, कोणी सेटिंग बिघडवतो. सगळं लॉक कर. आणि यापुढे फक्त इंग्लिश, खलास!” कॅम्प बॉसने आयटीतल्या वैभवीला दम भरला. तिने गुमान सगळं लॉक केलं, मराठी टायपिंगसुद्धा काढून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी वेल्डर जनार्दनची तक्रार आली: “KHOLITLA AC BAND. AAMHI SHIJTOY.”

“ही कसली भाषा? ब्लॉक कर त्याला!” बॉस कडाडला.

वैभवी जागची हलली नाही. “नियम तुमचाच आहे, सर. ए टू झेडच्या बाहेरचं एक अक्षर दाखवा, लगेच ब्लॉक करते. नाहीतर बसा, मी वाचून दाखवते.”