गचका

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर बदलताना बसणारा गचका मेकॅनिकने काल एका बाटलीत घालवला होता. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये अ‍ॅडिटिव्ह ओतलं आणि गाडी अलगद धावू लागली. आज मालकीणबाई आल्या. शाबासकी द्यायला, त्याला वाटलं. “दादा, माझा गचका परत द्या!” त्याने पाना खाली ठेवला. “थट्टा करताय, ताई?” त्यांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे म्हातारे वडील शून्यात बघत होते. “आयुष्यभर यांनी लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. आता बोलणं खुंटलंय, मलाही ओळखत नाहीत. गचका बसला की मात्र खेकसायचे, ‘क्लच दाब, ठमे!’ या गाडीला क्लचच नाही, आम्ही हसायचो. कालपासून गप्पच, मुद्दाम ब्रेक मारूनही! मला ठमी म्हणणारं दुसरं कुणी नाही हो.” मग जन्मात पहिल्यांदाच चांगली गाडी बिघडवायला मेकॅनिक तिच्याखाली शिरला.